नवीन मोनोफिन: तळपायात पेटके, कंबरदुखी आणि लवकर संपणारा दम. दोष मापाचा की माझ्या किकचा?

डोहकाठ

सर्वांना नमस्कार. मी पुण्यात राहतो, वय 38. तीन वर्षांपूर्वी अंदमानात स्वराजद्वीपावर फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे एका श्वासात खोल जाण्याचा, पहिला अभ्यासक्रम केला आणि गेल्या डिसेंबरात दुसरा पूर्ण करताना दोन पायांत वेगवेगळ्या घालायच्या, लांब पात्यांच्या प्लास्टिक फिन्सवर, पाण्यात उभ्या सोडलेल्या दोरीलगत 26 मीटरपर्यंत जाऊन आलो. एरवीचा सराव 25 मीटरच्या जलतरण तलावात, पहाटेच्या पहिल्या सत्रात, नेहमी एका मित्रासोबत चालतो. त्याच फिन्सवर एका श्वासात तीन लांब्या, म्हणजे 75 मीटर, मला आता फारसे न झगडता जमतात.

गेल्या महिन्यात मी पहिला मोनोफिन, म्हणजे दोन्ही पायांना मिळून एकच रुंद पाते असलेला फिन, घेतला. पाते फायबरग्लासचे, मध्यम कडक; फूट पॉकेट, म्हणजे पाऊल घालायचा भाग, रबरी, माप 42, कारण माझ्या बुटाचे माप 8 आहे. अनेक वर्षे मनात असलेली गोष्ट हाती आली याचा आनंद फार मोठा होता. पण आतापर्यंत झालेल्या तीन सत्रांनी मला काळजीत टाकले आहे.

पहिल्या सत्रात दहा मिनिटांतच दोन्ही तळपायांच्या कमानीत पेटके आले आणि डाव्या टाचेवर फोड उठला. दुसऱ्या सत्रात मी आत पातळ मोजे घातले, तेव्हा टाच वाचली. पण पेटके तसेच राहिले आणि पोहून झाल्यावर कमरेच्या खालच्या भागात दिवसभर दुखत राहिले. तिसऱ्या सत्रात मी दोन लांब्यांचा प्रयत्न केला. लांब फिन्सवर साठ मीटरच्या पुढे सुरू होणारे, श्वास घेण्याच्या ओढीचे छातीतले आचके या वेळी 40 मीटरच्या आतच सुरू झाले आणि 50 मीटरवर बाहेर आलो तेव्हा मांड्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या. एका लांबीला मला 14 किक लागल्या. मित्राने वरून पाहून सांगितले की मी सरळ रेषेत जात नाही, प्रत्येक किकला वर-खाली होत जातो.

मोनोफिनने कमी श्रमांत जास्त अंतर कापता येते असेच आजवर वाचले आणि ऐकले होते. मग माझ्या बाबतीत नेमके उलटे का व्हावे? पाते माझ्यासाठी फार कडक आहे का, फूट पॉकेटचे माप चुकले आहे का, की माझी किकच चुकीची आहे? डिसेंबरात पुन्हा स्वराजद्वीपाला जायचे आहे आणि तिथे हाच मोनोफिन घेऊन 30 मीटर करावे अशी इच्छा आहे. तोवर दहा आठवडे हाताशी आहेत. कृपया मार्गदर्शन करावे.

लाटेखाली

मी महाविद्यालयीन वयात फिनस्विमिंग खेळत होतो आणि आता मुलांना शिकवतो, त्यामुळे माझे उत्तर तलावापुरते आहे. खोल पाण्याबद्दल इतरांनी सांगावे.

सर्वांत आधी एक विनंती. या मोनोफिनवर पुढचा एक महिना श्वास रोखून अंतर कापू नका. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी शिकू पाहत आहात: नवे पाते चालवणे आणि ते दम रोखून चालवणे. दम रोखलेला असला की शरीर घाई करते, घाईत किक गुडघ्यातून निघते, गुडघ्यातून निघालेली किक मांडीचे मोठे स्नायू फुकट राबवते, आणि त्या स्नायूंनी खाल्लेला प्राणवायू तुम्हाला 40 मीटरवर कमी पडतो. तुमचे आचके लवकर आले यात मला काहीच नवल वाटत नाही. फिनस्विमर जो समोरून कपाळावर बांधायचा स्नॉर्केल वापरतात तो घ्या आणि पृष्ठभागावर, चेहरा पाण्यात ठेवून, मोकळा श्वास घेत पोहा. चारशे-पाचशे मीटर असे सावकाश पोहल्यावर पाते तुमच्याशी बोलू लागते. श्वास रोखून पोहलेल्या दोन लांब्यांत ते होत नाही.

आता किकबद्दल. मोनोफिनची लाट छातीतून सुरू व्हावी लागते. हात डोक्यावर ताणलेले, एका तळव्यावर दुसरा तळवा, दंड कानांच्या मागे. छातीचे हाड किंचित खाली दाबायचे आणि सोडायचे, मग ती हालचाल पोट, नितंब, मांड्या अशी उतरत घोट्यांपर्यंत जाते. गुडघे वाकतात, पण ते लाट जाऊ देण्यापुरतेच. तुमच्या मित्राला जे वर-खाली होणे दिसले ते बहुधा हातांपासून सुरू होत असावे: हातांची टोके डोलू लागली की सगळे शरीर मागोमाग डोलते आणि पुढे जाण्याची ताकद वर-खाली जाण्यात खर्च होते. टोके स्थिर ठेवा. लाट जसजशी पायांकडे जाईल तसतशी मोठी होत गेली पाहिजे.

दुसरा दोष जवळजवळ प्रत्येक नवशिक्यात असतो. लांब फिन्सवरून आलेला माणूस पाते खाली दाबतो तेव्हा जोर लावतो, आणि वर उचलताना ते नुसते परत आणतो. वरची किकही तितकीच कामाची आहे. ती मांडीच्या मागच्या आणि नितंबांच्या स्नायूंनी करायची असते, जे आपण खुर्चीवर बसून बसून विसरलेले असतो. मित्राला बाजूने, पाण्याखालून, मोबाइलवर चित्रण करायला सांगा आणि ते संथ गतीने पाहा. पाते खाली जाताना जितके वाकते तितकेच वर येताना वाकले पाहिजे. जर ते एकाच दिशेने वाकत असेल, तर दोष पात्याच्या कडकपणाचा आहे असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

तलावाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण त्यावरून आमच्याकडे वाद झालेले आहेत. मोनोफिनचे पाते दोन फुटांहून अधिक रुंद असते आणि त्याची कड शेजारच्या पोहणाऱ्याला लागली तर चांगलीच जखम होते. म्हणून स्वतंत्र लेन मिळाली तरच पाण्यात उतरा. आणि उथळ बाजूला, चार फूट पाण्यात, खालची किक पूर्ण करू नका. पाते फरशीवर आपटले की कडेचे थर सुटू लागतात. वळताना भिंतीला पात्याच्या टोकाने रेटा देणेही टाळा. पाय आखडून, पाते भिंतीला सपाट टेकवून, हळू सुटा.

स्नायूबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः लांब फिन्सवर पोहते. वरच्या उत्तराशी सहमत आहे, फक्त माप हा मुद्दा तितका दुय्यम मानू नये असे मला वाटते. तळपायाच्या कमानीत दहा मिनिटांत येणारे पेटके बहुतेक वेळा एकाच कारणाने येतात: पाऊल पॉकेटमध्ये सैल असते आणि ते निसटू नये म्हणून बोटे नकळत आवळली जातात. टाचेचा फोडही हेच सांगतो, कारण घट्ट पण स्थिर पॉकेट दाबते, आणि सैल पॉकेट घासते. कोरड्या पायाने बुटाचे जे माप येते ते इथे फसवते. पाण्यात रबर थोडे सैल पडते आणि मोनोफिनचा ओढ एका पायाच्या फिनपेक्षा कितीतरी जास्त असतो.

घरी एक चाचणी करता येईल. मोजे घालून पाय पॉकेटमध्ये घाला, पलंगावर पालथे झोपा, घोटे पलंगाबाहेर ठेवा आणि कुणाला तरी पाते हळूच वर-खाली हलवायला सांगा. बोटे पूर्ण सैल सोडूनही टाच जागची हलली नाही, तर माप बरोबर. टाच उचलली जात असेल, तर दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे मोजे घ्या. तरीही हलत असेल, तर टाचेच्या मागे निओप्रीनची पट्टी चिकटवा. पॉकेट उलट फार घट्ट असेल आणि बोटे बधिर होत असतील, तर मात्र ते वापरूच नका. त्याला मोज्यांचा उपाय नाही.

कंबरदुखीचे मूळ मला खांद्यांत दिसते. भिंतीला टाच, नितंब, पाठ आणि डोके टेकवून उभे राहा आणि दोन्ही हात सरळ वर नेऊन भिंतीला लावा. हात भिंतीला लागताच कमरेची पोकळी वाढत असेल, तर तुमचे खांदे आणि पाठीचा वरचा भाग ताठ आहे आणि त्याची भरपाई कंबर करते आहे. पाण्यात नेमके तेच घडते: छातीतून निघायला हवी असलेली लाट छाती अडवून धरते, आणि सगळे वाकणे कमरेच्या शेवटच्या दोन-तीन मणक्यांवर येते. एका लांबीला 14 वेळा, म्हणजे तासाभरात ते मणके किती वेळा वाकतात याचा हिशेब तुम्हीच करा. गुंडाळलेला टॉवेल पाठीच्या वरच्या भागाखाली आडवा घेऊन, हात डोक्यावर नेऊन, रोज पाच मिनिटे पडून राहा. पोटाचे स्नायू किंचित आवळलेले असू द्या. दुखणे पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर पोहणे थांबवून प्रत्यक्ष दाखवा.

काळा खडक

एक वेगळा प्रश्न विचारतो. 30 मीटरसाठी मोनोफिन खरोखर लागतो का? विल्यम ट्रुब्रिज या न्यूझीलंडच्या फ्रीडायव्हरने 2016 मध्ये बहामातील डीन्स ब्लू होल या समुद्रातल्या खोल विवरात फिनच न वापरता, नुसत्या हातापायांनी, 102 मीटर गाठले. दोन फिन्सचा प्रकार तर 2019 पासून आयडा ही फ्रीडायव्हिंगची आंतरराष्ट्रीय संघटना स्वतंत्रपणे मोजते, आणि त्यातही माणसे शंभर मीटरच्या पुढे गेली आहेत. लांब फिन्सवर तुम्ही 26 मीटर करता. आणखी चार मीटर तिथेच सुरक्षितपणे मिळतील. बोटीवर चढता-उतरता येणारे, दोन्ही पाय सुटे ठेवणारे साधन सोडून दोन्ही पाय एकत्र जखडणारे साधन घेण्याची घाई मला पटत नाही.

शंखिनी

काळा खडक यांचे म्हणणे 30 मीटरपुरते खरे आहे, पण माणूस मोनोफिन केवळ आकड्यासाठी घेत नाही. मी मूळची रत्नागिरीची, नऊ वर्षे दुबईत आहे. इजिप्तमधील दहाबला दोनदा राहून शिकले आणि आता इथल्या 60 मीटर खोलीच्या तलावात सराव करते. ज्या दिवशी किक पहिल्यांदा बरोबर बसली आणि एका हालचालीत मी शरीराच्या लांबीपेक्षा जास्त पुढे घसरत गेले, तो दिवस मला खोलीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. मोठ्या आकड्यांतही फरक दिसतोच: अलेक्सेय मोल्चानोव यांनी 2023 मध्ये मोनोफिनवर 136 मीटर गाठले, आणि त्यांच्या आई नतालिया मोल्चानोवा यांनी 2009 मध्येच मोनोफिनवर 101 मीटर जाऊन स्वबळावर शंभरी ओलांडणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळवला होता. त्या दोघांच्या चित्रफिती पाहा, पण वेगासाठी नव्हे. पाण्यात त्यांचे डोके किती स्थिर असते ते पाहा.

आता डोहकाठ, डिसेंबरबद्दल. तलावात मोनोफिन कितीही बसला तरी उभ्या दोरीवर चार गोष्टी नव्याने समोर येतात.

पहिली म्हणजे कान. मोनोफिनवर खाली जाण्याचा वेग वाढतो, म्हणून कान मोकळे करण्याची वेळही लवकर लवकर येते. आणि पहिल्या 10 मीटरमध्ये दाब एक वातावरणावरून दोन वातावरणांवर, म्हणजे दुप्पट, होत असल्याने सर्वाधिक गडबड तिथेच होते. शिवाय एक हात नाकावर असतो, त्यामुळे तलावात शिकलेली दोन्ही हातांची ताणलेली रेषा तुटते आणि शरीर एका बाजूला वळू लागते. याचा सराव तलावातच करा: एक हात पुढे, दुसरा नाकावर, हनुवटी आत, आणि तरीही सरळ रेषा. किकच्या झोतात हनुवटी वर उचलली गेली की गळा ताणला जातो आणि फ्रेन्झेल पद्धत, म्हणजे नाक दाबून जिभेने हवा कानांकडे ढकलणे, अडकते. माझे पहिले सहा दिवस 15 मीटरवर याच कारणाने अडले होते, आणि मी उगाच कानांना दोष देत होते.

दुसरी गोष्ट वजनाची. मोनोफिनवर खाली जाणे सोपे वाटते म्हणून काही जण वजन वाढवतात, काही जण अजिबात घेत नाहीत. साधारण 10 ते 12 मीटरवर शरीर ना तरंगते ना बुडते अशी स्थिती यावी इतकेच वजन ठेवा. त्याखाली किक थांबवून निवांत घसरत जाता येते, आणि परतताना शेवटचे 10 मीटर पाणी तुम्हाला स्वतः वर उचलते. हा शेवटचा टप्पाच सर्वांत धोक्याचा आहे, कारण वर येताना दाब झपाट्याने उतरतो, रक्तातील प्राणवायूचा दाबही त्याबरोबर उतरतो आणि शुद्ध बहुतेक वेळा तिथे किंवा पृष्ठभागावर आल्यावर हरपते. जास्त वजन घेतलेल्या माणसाला नेमके तिथे पाणी मदत करत नाही.

तिसरी गोष्ट परतीची किक. खालून वळल्यावर नव्या माणसाला जोरात मारावेसे वाटते, आणि मोनोफिन त्याला साथही देतो. पहिल्या चार-पाच किक दमदार, मग लय धरा, शेवटच्या 5 मीटरला किक थांबवून नुसते वर या.

चौथी गोष्ट काळा खडक यांनी म्हटली तीच: दोन्ही पाय जखडलेले असतात. बोटीवर मोनोफिन घालू नका. पाण्यात उतरा, बॉयला, म्हणजे दोरी बांधलेल्या तरंगत्या बोयाला, एक हात धरा, पाठीवर तरंगत दुसऱ्या हाताने पाय घाला. काढतानाही तसेच. पॉकेट एका हाताने, न पाहता, काढता येते का हे तलावात तपासा. आणि तुमच्या मित्रालाही ते काढता आले पाहिजे, कारण शुद्ध हरपलेल्या माणसाचा मोनोफिन पाण्यात ओढ धरतो. तुम्ही वर आल्यावर पूर्ण 30 सेकंद तुमच्या चेहऱ्यावर कुणाची तरी नजर असलीच पाहिजे, अंतर किंवा खोली कितीही किरकोळ असो. पुण्याच्या त्या चार फूट पाण्यातही. पहाटेच्या सत्रात जीवरक्षकाला तुम्ही काय करता आहात याची कल्पना आहे ना?

डोहकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सहा आठवडे घेतले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

पलंगावरची चाचणी त्याच रात्री केली. उजवी टाच स्थिर होती, डावी जवळजवळ बोटभर उचलली जात होती. माझे डावे पाऊल लहान आहे हे मला आजवर माहीत नव्हते. उजव्यात दोन मिलिमीटरचा मोजा आणि डाव्यात तीन मिलिमीटरचा मोजा व टाचेमागे पट्टी अशी व्यवस्था केली. पॉकेट घालताना आत साबणाचे पाणी लावतो, त्यामुळे मोज्यांची घडी पडत नाही. उजव्या पायातले पेटके पहिल्याच सत्रात गेले. डाव्यात अजून अर्ध्या तासानंतर एखादा येतो.

समोरचा स्नॉर्केल मिळायला दहा दिवस लागले. चार आठवडे मी एकही लांबी श्वास रोखून पोहलो नाही. पहिल्या आठवड्यात हे फार जड गेले, कारण शेजारच्या लेनमधला मित्र लांब फिन्सवर तीन तीन लांब्या करत होता. पण चित्रण पाहिले तेव्हा लाटेखाली यांनी न पाहता सांगितलेले तंतोतंत दिसले: खाली जाताना पाते धनुष्यासारखे वाकत होते आणि वर येताना फळीसारखे सरळ राहत होते. तिसऱ्या आठवड्यात एकदा, बहुधा थकल्यामुळे, मी जोर लावणे सोडून दिले आणि तेव्हाच वरची किक पहिल्यांदा जाणवली. शंखिनी यांनी लिहिलेली घसरण मला त्या लांबीत तीन किकपुरती मिळाली. आता 25 मीटरला 9 किक लागतात, त्या 14 वरून.

काल प्रथमच श्वास रोखून दोन लांब्या केल्या. आचके आले नाहीत. तिसरी लांबी करण्याचा मोह झाला, पण ठरल्याप्रमाणे 50 मीटरवर थांबलो. भिंतीवर हात लावण्याच्या चाचणीत कंबर अजून दोन बोटे उचलली जाते. दुखणे मात्र राहिलेले नाही.

जीवरक्षकाबद्दलच्या प्रश्नाने मला खरोखर थांबवले. तीन वर्षे आम्ही तिथे जात होतो आणि त्यांना वाटत होते की आम्ही नुसते पाण्याखालून पोहतो. आम्ही दोघांनी त्यांच्यासोबत बसून सगळे समजावले: शुद्ध हरपली तर माणूस न धडपडता, शांतपणे, पाण्यात स्थिर होतो, चेहरा वर काढून गालावर थोपटायचे, डोळ्यांजवळ फुंकर मारायची आणि मोठ्याने श्वास घ्यायला सांगायचे, आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर तोंडाने श्वास द्यायचा. त्यांनी आम्हाला कोपऱ्यातली लेन कायमची दिली.

आता एकच प्रश्न उरला आहे. स्वराजद्वीपाला माझे एकूण पाच दिवस आहेत. त्यांपैकी मोनोफिन कधी काढावा?

शंखिनी

पहिले दोन दिवस तुमच्या जुन्या फिन्सवरच जा. वर्षभराने समुद्रात उतरताना कान, वजन आणि मन या तिन्ही गोष्टी ओळखीच्या साधनावर जागेवर येऊ द्या. तिसऱ्या दिवशी मोनोफिन घ्या, पण खाली जाताना दोरी हातांनी ओढत जा आणि फक्त वर येताना किक वापरा. कानांवरचा वेगाचा ताण त्यामुळे टळतो आणि दोरीलगत सरळ राहण्याची सवय होते. 12 मीटरच्या पुढे नको. चौथ्या दिवशी दोन्ही वेळा किक, आणि पाचव्या दिवशी कान सहज साथ देत असतील तर 20 मीटर. मनगटाला किंवा कमरेला बांधलेली सुरक्षा दोरी या सगळ्यात कायम असू द्या. तुमच्या प्रशिक्षकांना हे आताच कळवा, म्हणजे दोरीची खोली ते त्याप्रमाणे लावतील.

लाटेखाली

9 किक ही फार चांगली प्रगती आहे. आणखी कमी करण्याच्या मागे सध्या लागू नका. किकची संख्या कमी करण्यासाठी प्रत्येक किक मोठी करण्याची सवय लागली तर गुडघे पुन्हा वाकू लागतील. निघण्यापूर्वी पाते उन्हात धरून फूट पॉकेटच्या पुढचा भाग नीट पाहा. फायबरग्लासमध्ये पांढरट रेघ उमटली असेल तर ती तडा जाण्याची सुरुवात असते. आणि विमानात ते इतर सामानासोबत पाठवताना दोन्ही बाजूंना प्लायवूडचे तुकडे लावून बांधा, नुसत्या कापडी पिशवीत देऊ नका.

डोहकाठ

प्रशिक्षकांना आजच लिहिले. त्यांनी तिसऱ्या दिवसासाठी दोरी 12 मीटरवर लावण्याचे मान्य केले आहे. 30 मीटर या खेपेला मी यादीतून काढले. पाते उन्हात पाहिले, रेघ नाही.